कौलांवरचे बैल

वाळव्याच्या बाजूला, कृष्णेकाठी एक गाव आहे. तिथल्या माणसाला मोटारीत नुसतं "काय पाव्हणं, शिंगं गेली का?" एवढं विचारा, तो जागा बदलून बसतो. गावाचं नाव मी सांगणार नाही. मला तिथं अजून जेवायला बोलावतात आणि तिथली आमटी मला सोडवत नाही.

हा प्रश्न गावाच्या कपाळी ज्यांनी लिहिला ते लालासाहेब डुबल मास्तर. मास्तर म्हटलं की काळी टोपी, खडू आणि छडी डोळ्यांपुढं येते. आमच्या मास्तरांना टोपी होती, पण ती मागच्या बाजूनं मातकट. विचार करताना डोकं खाजवायची सवय आणि हात सदा चिखलात, मग टोपीनं तरी काय करावं. गावात शिक्षकांना शिक्षक करणारं ट्रेनिंग कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे धर्मशाळेमागची कौलारू पडवी. त्या पडवीच्या टोकाला मास्तरांचा मातीकामाचा वर्ग भरायचा. तिथं मी दोन वर्षं चिखल तुडवला आणि सरकारच्या मते शिक्षक झालो.

डुबल घराणं कराडकडचं. अर्धं घर पलटणीत आणि उरलेलं अर्धं उसात. वडील सुभेदार हंबीरराव पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. तिथून एक बिल्ला, एक खोकला आणि हुकूम सोडायची सवय घेऊन परत आले. लालासाहेबांचा हात चित्रात बरा म्हणून त्यांना ड्रॉइंग मास्तर होण्यासाठी मुंबईला कलाशाळेत धाडलं. तिथं त्यांना बाक मिळाला खिडकीशी, आणि खिडकीतून दिसायची कुंभारकामाच्या वर्गाची भट्टी. दिवाळीपर्यंत ते खिडकीतून बघत होते. दिवाळीनंतर खिडकीच्या पलीकडं गेले.

घरी कळलं तेव्हा सुभेदार म्हणाले, "कुंभारकाम शिकाय म्हमईला गेलास? आरं, आपला कुंभार वेशीतच बसलाय. त्येनं भाकरीवर शिकवलं असतं."

"आबा, ह्यात केमिस्ट्री असती."

सुभेदारांनी तेवढा एक शब्द उचलला आणि बाकीचा मुलगा विसरून गेले. पाव्हण्यारावळ्यांत ते सांगायचे, "पोरगं केमिकलमधी हाय." दिवस दुसऱ्या लढाईच्या तोंडावरचे. केमिकल म्हणजे दारूगोळा असं लोकांनी आपापलं ठरवलं आणि स्थळं धडाधड सांगून आली. लीलाबाईंच्या वडिलांनी तर जावई बाँब करतो असं समजूनच हुंडा वाढवला होता. लीलाबाई नांदायला आल्या, परसात बघितलं तर मातीचा ढीग. त्यांनी पदर सावरून पहिला प्रश्न विचारला, "आन् दारूगोळा कुठाय?"

पुढं आयुष्यभर त्या नवऱ्याच्या कामाला दारूगोळाच म्हणत राहिल्या. "दारूगोळा वाळला असंल, उलटा घाला."

मास्तरांनी काही वर्षं साताऱ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. मुलं पेरू काढायची, मास्तर पेरूऐवजी पेरूच्या खालच्या परडीकडं बघायचे. मग सरकारच्या मनात आलं की शाळेत हस्तोद्योग शिकवावा, आणि आमच्या कॉलेजला मातीकामाचा वर्ग मंजूर झाला. मंजूर म्हणजे अजमावण्यापुरता. अट साफ होती: शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब दिवाळीनंतर येणार, वर्ग बघणार, लोकांना त्याचा काही उपयोग आहे का ते विचारणार. उपयोग दिसला तर वर्ग कायम. नाहीतर चाकं बाहेर आणि विणकामाचे माग आत. माग तर आमच्या प्रिन्सिपॉलांनी बघूनसुद्धा ठेवले होते.

कराडहून सुभेदारांचाही निकाल आला होता. "बंद पडलं की सरळ घरला यायचं. गुऱ्हाळावर माणूस लागतंय."

म्हणजे त्या एका वर्गात मास्तरांची मुंबई, त्यांचं लग्न आणि त्यांचं केमिकल सगळं कोंबून बसलं होतं. वर्ग गेला असता तर तिशीतला हा माणूस काकवीच्या काहिलीपाशी उभा राहून गुळाचा रंग बघत बसला असता. गुळाचा रंगही त्यांनी चांगला काढला असता, पण ते असो.

मास्तरांचा देव एकच, टिकाऊपणा. भाजलेलं भांडं बोटाच्या पेरानं टिचकी मारून कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "कच्चं मडकं आणि कच्चा मास्तर, दोन्ही पावसात कळतात." आम्ही केलेलं काही त्यांना पसंत पडत नसे. आमच्या हातातून घेऊन, दोन ठिकाणी दाबून, एका ठिकाणी ओढून परत द्यायचे, आणि ते इतकं देखणं झालेलं असे की आपण केलं म्हणायची लाज वाटे. आटपाडीकडचा सिद्धू नावाचा एक धनगराचा गडी आमच्या वर्गात होता. मेंढरं राखता राखता सातवी पास झालेला. तो म्हणायचा, "आपुन मळायची, गुरुजींनी घडवायची आन् मार्क आपल्याला. लय झ्याक कॉलेज हाय गड्या."

लढाईमुळं झिलईचं परदेशी सामान मिळत नव्हतं. मास्तरांनी कासाराच्या पेटीतल्या फुटक्या बांगड्यांची काच कुटून स्वतःची झिलई बनवली. लीलाबाईंनी फक्त एवढं बजावलं, "कासाराच्या पेटीतल्याच घ्या. कुणाच्या घरातल्या नगंत." हिरव्या बांगड्यांची हिरवी झिलई, निळ्यांची निळी. अशी चकचकीत की सिद्धू तिच्यात बघून केस विंचरायचा.

त्या साली बेंदराच्या तोंडावर गावचा कुंभार नाथाजी स्वतःच्या गाढवावरून पडला. मनगट मोडलं. "गाढवानं ढकललं," असं सगळ्यांना सांगत तो मिरजेला लेकीकडं निघून गेला, आणि गावाच्या लक्षात आलं की यंदा मातीचे बैल करणार कोण?

आमच्याकडं बेंदराला खऱ्या बैलांची शिंगं रंगवतात, झुली घालतात, पुरणपोळी चारतात, आणि घरात मातीच्या बैलांची जोडी पुजतात. ती जोडी कच्च्या मातीची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कौलांवर नेऊन ठेवायची आणि पावसात तिची माती होऊ द्यायची. इथवर मास्तरांना माहीत होतं. त्यांच्या गावातही हेच. पण ह्या गावाची आणखी एक रीत होती. कौलावरच्या बैलांची शिंगं विरघळली की बैलांची सुट्टी संपली, मगच औत जुंपायचं. आषाढाचा पाऊस असतो. दुसऱ्या दिवशी शिंगं जातात, तिसऱ्या दिवशी औत चालतं. त्यामुळं ही अट कुणाला कधी अट वाटलीच नव्हती. कुणी ती मास्तरांना सांगितलीही नाही. सूर्य उगवला की सकाळ होते हे पाव्हण्याला कोण सांगतं.

गावचे पाटील आकारामदादा कॉलेजच्या स्थानिक कमिटीचे चेअरमन होते. ते धोतराचा सोगा धरून वर्गात आले. "मास्तर, तुमच्याकडं चिखुल हाय, पोरं हायत. गावाचं बैल तेवढं करून टाका."

मास्तरांच्या डोळ्यांत भट्टी पेटली. गावाच्या घराघरात वर्गाचं काम जाणार. डेप्युटीसाहेबांना दाखवायला याहून काय पाहिजे? त्या आठवड्यात आम्ही गणित, इतिहास, बालमानसशास्त्र सगळं बाजूला ठेवून बैल केले. म्हणजे आम्ही मळलं आणि मास्तरांनी केले. असले बैल मी पुन्हा बघितले नाहीत. वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी, किंचित वळलेली मान. वाळल्यावर मास्तर म्हणाले, "भट्टी लावा."

सिद्धू घुटमळला. "गुरुजी, भाजायचं कशाला? बैल कच्चंच असत्यात की."

"अरे, कच्चे म्हणून तर दर वर्षी विरघळतात, आणि दर वर्षी गाव कुंभाराच्या दारात. एकदा पक्का करून दिला की नातवापर्यंत चालला."

"मग फुडच्या साली नाथाजीनं काय करायचं?"

"माठ," मास्तर म्हणाले.

बैल हिरवे झाले, निळे झाले, दोनचार तर जांभळे. आम्ही टोपल्या घेऊन घरोघर वाटले. बायका खूश, पोरं खूश. आकारामदादांच्या आई रंगूबाई, गावाच्या रीतिभातीचं हायकोर्ट, त्यांनी बैल हातात घेऊन अंगठा फिरवला. "लय गुळगुळीत हाय. त्याल लावलंय व्हय?"

"झिलई आहे, आजी," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"असंल," म्हातारी म्हणाली आणि तिनं जोडी देव्हाऱ्यात ठेवली.

बेंदूर झोकात झाला. दुसऱ्या दिवशी जोड्या कौलांवर चढल्या. पाऊसही ठरल्यासारखा आला, रातभर धो धो. तिसऱ्या दिवशी आकारामदादा इरलं घेऊन अंगणात उभे राहिले आणि वर बघू लागले. शेजारच्या घरातून आवाज आला.

"दादा, शिंगं गेली का तुमची?"

"न्हाई रं. तुझी?"

"न्हाई. उलट धुऊन लकाकायला लागल्यात."

चौथ्या दिवशीही तेच. पाऊस थांबून ऊन पडलं की सगळं गाव हिरवं-निळं चमकायचं. कौलांवर बैल ऐटीत उभे, आणि खाली गोठ्यात खरे बैल बसून रवंथ करत. त्या दिवसांत गावात सुखी कोण असेल तर गोठ्यातले बैल. रानात भुईमुगात तण माजायला लागलं. कोळपणी खोळंबली. शेजारच्या गावचे लोक बांधावर उभे राहून विचारायचे, "काय, अजून बेंदूरच चाललाय व्हय तुमचा?" आणि तिथंच त्या प्रश्नाचा जन्म झाला.

गुंडा नावाचा एक तापट शेतकरी चावडीपुढं म्हणाला, "एकेक धोंडा घालतो आन् मोकळं करतो."

रंगूबाई पायरीवर बसल्या होत्या. "पुजलेल्या बैलावर धोंडा? आदी माज्या डोस्क्यात घाल आन् मग वर चढ."

गुंडा धोंडा विसरला. पण त्याच्या मनातला धोंडा मास्तरांकडं वळला होता, आणि गावाचाही. आकारामदादा वर्गात आले ते चेअरमन होऊनच आले. "मास्तर, तुमास्नी गावाचं बैल कराय सांगितलं. गावाचं औत बंद करा म्हणून न्हवतं सांगितलं. दिवाळीला डिपोटी मला इचारणार, उपेग काय म्हून. मी काय सांगू? तण चांगलं येतं म्हून सांगू?"

प्रिन्सिपॉल त्या दिवशी मागांचं कापड किती निघेल याचा हिशेब फळ्यावर करत होते, आणि खुशीत होते.

मास्तर घरी गेले. झिलई कशानं निघेल याचा विचार करत डोकं खाजवत बसले. आम्ही चौघंजण दारात होतो. गुरूला एकटं सोडू नये म्हणून, आणि लीलाबाईंच्या हातचा चहा मिळतो म्हणूनही. मास्तर म्हणत होते, तेजाब लावून बघावं, आंबट ताकात घालून बघावं. लीलाबाईंनी कपबशा खाली ठेवल्या.

"आवं, दारूगोळा भट्टीतनं भाईर पडला. आता भट्टीत उत्तर शोधून काय उपेग? ज्या म्हातारीनं औत आडवलंय तिला जाऊन इचारा."

"ती काय सांगणार? रीत म्हणजे रीत."

"रीत सांगतं त्येला वाट बी म्हाईत असती. जावा."

मास्तर टोपी सरळ करून पाटलांच्या सोप्यात गेले. आम्ही मागं. रंगूबाई वाकळ शिवत होत्या. मास्तरांनी मुंबईच्या तोंडी परीक्षेतही बोलले नसतील इतक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. आपल्याला अट ठाऊक नव्हती, आपले बैल आता काही केल्या जाणार नाहीत, सरकार आलं तरी नाहीत.

म्हातारी सुई ओवत राहिली. मग म्हणाली, "तुमचं बैल वाईट न्हाईत. पण जायाचं त्येंच्या नशिबात न्हाई. मंग त्येंच्या वाटचं जायाला दुसरा बैल पायजे. कच्चा. त्यो वर जाऊ दे, त्येची शिंगं गेली की सुट्टी सरली म्हणायची."

मास्तरांचा चेहरा उजळला. "उद्याच करून देतो, आजी. सगळ्या घरांना."

"तुमी न्हाई."

"म्हणजे?"

"तुमचा हात लय पक्का हाय. पुन्यांदा काय तरी टिकवून ठेवशिला. ज्येचं औत त्येच्याच हातचा बैल पायजे. तुमी नुसतं सांगायचं. हात लावायचा न्हाई."

मला वाटतं, मुंबईच्या कलाशाळेनं मास्तरांना जे शिकवलं नाही ते त्या वाकळीपाशी एका वाक्यात शिकवून झालं. त्या वेळी मात्र कुणाला तसं वाटलं नाही. मास्तरांना तर फाशी सुनावल्यासारखं झालं. हात न लावता शिकवायचं म्हणजे सुभेदारांनी हुकूम न सोडता जेवायचं.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. आम्ही मळलेल्या मातीच्या पाट्या घेऊन वाटणी करून घरोघर गेलो. मास्तर स्वतः पाटलांच्या अंगणात. मीही तिथंच, पाटी उचलायला. रंगूबाई खांबाला टेकून बसलेल्या, नजर मास्तरांच्या हातांवर. आकारामदादा पाटावर बसले. आयुष्यात त्यांनी बैल विकत घेतले होते, विकले होते, बैलांवरून भावाशी कोर्टात गेले होते, पण बैल केला नव्हता. त्यांनी चिखलाचा गोळा घेतला, दाबला, चार पाय काढले, आणि झालेला प्राणी खाली ठेवला. त्यांची बायको चंद्राबाई दारातून म्हणाली, "डुक्कर झ्याक झालंय."

मास्तरांचा हात आपोआप पुढं गेला.

"मास्तर," म्हातारी म्हणाली, "हात मागं."

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. दोन जागी दाबलं आणि एका जागी ओढलं असतं तर तो प्राणी बैल झाला असता, हे त्यांना दिसत होतं आणि मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्यांनी पाटाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "दादा, बैल उभा असतो तेव्हा भार कुठं टाकतो?"

"म्हंजी?"

"पुढच्या पायांवर की मागच्या?"

दादा उठून गोठ्यात गेले. आम्हाला वाटलं रागावले. तिथं त्यांचा खिलारी सर्जा उभा होता. दादा त्याच्यापुढं वाकून बघत राहिले, जणू सोयरीक ठरवायला आलेत. मग येऊन बसले आणि काही न बोलता पुढचे पाय अंमळ रुंद केले, मान खाली घेतली, वशिंड वर ओढलं. एक शिंग मोडलं. ते तसंच राहू दिलं. "सर्जाचं बी येक मोडकंच हाय," ते म्हणाले.

आता तो बैल झाला होता. देखणा नव्हता. पण रस्त्यात भेटला असता तर बाजूला व्हावं लागलं असतं, असा.

चंद्राबाई खाली उतरल्या. "सरका, मला बी करू द्या. औताच्या म्होरं न्याहारी म्याच आणती न्हवं?"

त्या दिवशी गावात ज्या घरात डोकवावं तिथं माणसं चिखलात बसलेली. गुंडानं धोंड्याऐवजी बैल घडवला. त्याचा बैलही तापट दिसत होता. सिद्धू एका अंगणात मेंढ्यांचे आवाज काढून पोरांना हसवत, हात डोक्यावर ठेवून, नुसत्या तोंडानं शिकवत होता. "आरं, शेपूट कुठं लावलंस? तितं लावलं तर त्येनं माशा कशा मारायच्या?" पोरगं विचार करायचं आणि शेपूट हलवायचं. आम्ही वर्षभर अध्यापनाच्या पद्धतीवर पुस्तकं पाठ केली होती. त्या एका दिवसात त्यांतलं निम्मं खरं असल्याचं आढळलं.

मास्तर दुपारपासून अंगण अंगण फिरले, हात मागं बांधूनच. सुरुवातीला ते हात रागानं बांधल्यासारखे होते. संध्याकाळी बघितलं तर सवयीचे झाले होते.

कच्चे बैल पक्क्यांच्या शेजारी कौलांवर गेले. पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामदादांनी इरल्याखालून वर बघितलं. त्यांच्या बैलाचं होतं ते एकुलतं शिंग गेलं होतं. लाल ओघळ पक्क्या बैलाच्या पाठीवरून वाहत पन्हळीत उतरत होता. दादा जरा वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "गेला," आणि औत काढलं.

श्रावणात नाथाजी परत आला. गावानं स्वतःच बैल केले हे ऐकून तो तडक वर्गात शिरला. "मास्तर, माजी भाकरीच शिकवली वाटतं समद्यांस्नी?"

मास्तर म्हणाले, "नाथाजी, काही घरांनी दुसऱ्या दिवशी हौसेनं आणखी केलेत. सोप्यात ठेवलेत. आधी जाऊन बघ."

नाथाजी गावभर फिरून आला तो हसत. "काय भ्या न्हाई. असलं बैल केल्यावर लोक माज्याच दारात येत्यात." पण त्यानं पाटलांचा मात्र वेगळा काढला. "दादांचा हात बरा हाय. पाटीलकी करून वाया घालवला."

तेव्हापासून मास्तरांनी एक विचित्र नियम काढला. वर्गात केलेलं काही भाजायचं नाही. सत्र संपेपर्यंत सगळं पाण्याच्या कुंडात टाकायचं, परत माती करायची, परत करायचं. आणि स्वतः हात मागं. एक पेला आम्ही इतक्यांदा केला की झोपेत केला असता. भट्टी गार पडली. फळीवर धूळ बसली. दिवाळी जवळ आली तेव्हा प्रिन्सिपॉल काकुळतीला आले. माग हवे असले तरी फजिती नको होती. "अहो, निदान दोन फुलदाण्या तरी भाजून ठेवा."

"फुलदाण्या मी करीन, साहेब. त्यांनी काय केलं?" मास्तर म्हणाले.

डेप्युटीसाहेब आले ते पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालवलेल्या मोटारीतून, तोंडाला काजळी लावूनच. कोट पांढरा, म्हणजे निघताना पांढरा असावा. वेशीपासून त्यांची नजर कौलांवर. स्वच्छ ऊन पडलेलं, आणि घराघरावर हिरवे-निळे बैल.

"हे काय आहे?"

"स्थानिक कला, साहेब," प्रिन्सिपॉल घाईनं म्हणाले.

वर्गात साहेबांनी फळीवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. "वर्षभराचं काम कुठं आहे?"

मास्तरांनी कुंडाकडं दाखवलं. साहेब वाकले. आत चिखल. जे चुकलं होतं ते सगळं गावाच्या डोक्यावर चमकत होतं, आणि जे जमलं होतं ते ह्या कुंडात आणि पन्हळींतून कृष्णेत गेलेलं. आम्ही भिंतीशी उभे होतो. मला गुऱ्हाळावरची काहिली दिसायला लागली, काठावर मास्तर.

साहेब आकारामदादांकडं वळले. "चेअरमन, ह्या वर्गाचा लोकांना काय उपयोग झाला?"

दादांनी खाकरून घेतलं. "साहेब, खरं सांगायचं तर ह्येंनी आमची कोळपणी बंद पाडली. भुईमुगात तण झालं. शेजारची गावं अजून हसत्यात." प्रिन्सिपॉलांनी डोळे मिटले. "पर मी बैल केला."

"तुम्ही?"

"म्या. माज्या हातानं. आमच्या घरात आजवर कुणी केला न्हवता."

"कुठं आहे?"

"पावसात गेला की. जायासाठीच केल्ता."

साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की गेलेला बैल अहवालात कसा लिहावा ह्याचा विचार चालला आहे. दादांना ते मानवलं नाही. त्यांनी फेटा काढून सिद्धूच्या हातात दिला, स्वच्छ धोतरासकट खाली मांडी घातली आणि म्हणाले, "चिखुल आणा."

सगळा वर्ग बघत होता. दादांनी गोळा थापटला. पोट काढलं, पुढचे पाय रुंद केले, मान खाली घेतली. मध्ये थांबून डोळे मिटले, गोठ्यात जाऊन आल्यासारखे. एका बाजूची फासळी जरा चुकली. मास्तर दोन हात अंतरावर उभे होते आणि त्यांचे हात मागं होते. साहेब बैलाकडं बघत होते; मग बैल सोडून मास्तरांच्या हातांकडं बघायला लागले.

"तुम्ही दुरुस्त का करत नाही?"

"पाटलांच्या आईची बंदी आहे, साहेब."

"कसली बंदी?"

मास्तरांनी सांगितली. बैल भाजले तिथपासून, काही न झाकता. साहेब ऐकत होते. खाली दादांनी एक शिंग बसवलं, दुसरं मुद्दाम मोडकं ठेवलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही बंदी मला माझ्या हाताखालच्या सगळ्या शाळांत घालता आली तर बरं होईल," ते म्हणाले. मग वाकून बैलाकडं बघत, "शेपूट राहिलं, पाटील."

"लावतो की. सावकाश."

संक्रांतीच्या आत वर्ग कायम झाला. प्रिन्सिपॉलांना मागही मिळाले, दुसऱ्या पडवीत. खात्यात कधी कधी सगळ्यांचंच बरं होतं. कौलांवरचे बैल तसेच राहिले. कौलं चाळायला आलेल्या गड्यानं रंगूबाईंना विचारलं होतं, हे खाली घेऊ का. म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येकानं जायाचं, येकानं ऱ्हायाचं. घरात बी तसंच असतं."

गेल्या साली सांगली नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं, आणि विश्रामबागेच्या माळावर हस्तोद्योग शिक्षकांसाठी नवा अभ्यासक्रम निघाला. त्याचे मुख्य म्हणून लालासाहेब मास्तरांना नेलं. माती कुपवाडच्या बाजूनं गाडीनं येते. मास्तरांनी एक पाठ्यपुस्तकही लिहिलंय. पहिल्या प्रकरणाचं नाव 'हात मागे', आणि त्यात चाकाचा उल्लेखसुद्धा नाही. पहिलं सत्र काही भाजायचं नाही, हा नियम तिथंही आहे. मुंबईचे एक तज्ज्ञ येऊन विचारून गेले म्हणे, ही कुठल्या देशाची पद्धत? मास्तरांनी गावाचं नाव सांगितलं नाही. त्यांनाही तिथं जेवायला बोलावतात. सिद्धू आटपाडीच्या शाळेत हेच शिकवतो. तिथल्या मातीत खडे फार आणि वर्गात पोरंही फार, असं तो कळवतो.

लीलाबाईंनी सांगलीच्या बिऱ्हाडात परसबाग केली. मास्तरांना तिला हात लावू देत नाहीत.

यंदा वैशाखात कराडला डुबलांकडच्या एका लग्नात मी होतो. पंगत उठल्यावर सुभेदार हंबीरराव बिल्ला लावून लोडाला टेकले होते. सांगलीकडचा कुणी पाव्हणा शेजारी बसला आणि म्हणाला, "तुमचं थोरलं केमिकलमधी न्हवं का, सुभेदार?"

सुभेदारांनी पानाला चुना लावला. मुलगा पलीकडंच उभा होता, तरी त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "चिखलात हाय. मास्तरलोकांस्नी बैल कराय शिकवतो."

पाव्हण्याला हसावं की नाही कळेना. सुभेदारांनी पान दुमडून तोंडात घातलं आणि सावकाश पुरवणी जोडली.

"आन् त्ये बी हात न लावता."